छोट्या जिममधला लांब हिवाळा

अमेरिकेतला कॉलेज बास्केटबॉलचा हंगाम नोव्हेंबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात सुरू होतो आणि मार्च-एप्रिलमध्ये संपतो. बाहेरच्या जगाला त्यातला थोडाच भाग दिसतो. केंटकी किंवा नॉर्थ कॅरोलायनासारखी बडी विद्यापीठे, वीस-वीस हजार प्रेक्षकांची बंदिस्त स्टेडियम, टीव्हीवर चाललेले सामने. पण त्याच संध्याकाळी हजार-दोन हजार विद्यार्थ्यांच्या शेकडो कॉलेजांतही सामने रंगलेले असतात. तिथे प्रेक्षक जमतात काही शे. त्यांतले बरेचसे खेळाडूंचे आईवडील, मित्र, प्राध्यापक आणि गावकरी. त्यांच्यात काही जण मात्र असे असतात, की ज्यांचे कोणीही त्या संघात नसते आणि जे स्वतःही त्या कॉलेजात शिकलेले नसतात. काल ते शेजारच्या गावी सामना पाहत होते, उद्या तिसऱ्याच गावी असतील. एका हंगामात पन्नास, साठ, कधी शंभराच्या आसपास सामने प्रत्यक्ष जाऊन पाहणे हा त्यांचा हिवाळ्याचा नेम असतो. वारीला निघणाऱ्या माणसाला वाट, मुक्काम आणि सोबती जसे पाठ असतात, तसे या लोकांना रस्ते, जिम आणि तिथले चेहरे पाठ असतात.

‘छोटे कॉलेज’ हा शब्द अमेरिकी खेळात सैल अर्थाने वापरला जात असला तरी त्यामागे ठोस व्यवस्था आहे. कॉलेज क्रीडास्पर्धांचे नियमन करणारी सर्वांत मोठी संस्था म्हणजे एनसीएए. १९७३ साली तिने आपल्या सदस्यांचे तीन विभाग केले. पहिल्या विभागात बडी विद्यापीठे आली. दुसरा विभाग मधल्यांचा, जिथे मर्यादित क्रीडा शिष्यवृत्त्या देता येतात. तिसऱ्या विभागात मात्र खेळाच्या गुणवत्तेवर एक पैसाही शिष्यवृत्ती देता येत नाही. मुलगा किंवा मुलगी कितीही चांगली खेळो, मदत मिळेल ती घरची परिस्थिती पाहून किंवा अभ्यासातल्या गुणांवर. सदस्यसंख्येने हाच विभाग सर्वांत मोठा आहे, त्यात चारशेहून अधिक कॉलेजे आहेत. याखेरीज एनएआयए नावाची वेगळी संघटना आहे. तिच्यात शिष्यवृत्त्या चालतात, पण कॉलेजे छोटीच, पुष्कळशी चर्चशी जोडलेली आणि लहान गावांत वसलेली.

शिष्यवृत्ती नसण्याचा परिणाम प्रेक्षकाला बाकावर बसल्या बसल्या जाणवतो. समोर खेळणारा मुलगा रसायनशास्त्राचा नाहीतर हिशेबशास्त्राचा विद्यार्थी असतो. बुधवारी रात्री सामना संपवून तो दोन तासांच्या बसप्रवासाने वसतिगृहात पोहोचतो आणि गुरुवारी सकाळी वर्गात बसतो. पुढे यातून व्यवसाय होण्याची शक्यता जवळजवळ शून्य. अपवाद आहेत, पण ते बोटांवर मोजावेत इतकेच. मिनेसोटातल्या ऑग्सबर्ग कॉलेजचा डेव्हियन जॉर्ज १९९९ साली एनबीए या व्यावसायिक लीगमधल्या लॉस एंजेलिस लेकर्सने खेळाडू-निवडीच्या पहिल्या फेरीत निवडला. डंकन रॉबिन्सन एक वर्ष विल्यम्स कॉलेजकडून खेळला, मग मिशिगन विद्यापीठात गेला आणि पुढे मायामी हीटचा नामांकित नेमबाज झाला. बाकीच्या हजारोंसाठी चौथ्या वर्षाचा शेवटचा सामना हाच आयुष्यातला शेवटचा मोठा सामना असतो. ज्यांना तो पाहायला जावेसे वाटते, त्यांना ही गोष्ट नेमकी ठाऊक असते.

मुळात हा खेळ जन्मला तोच एका छोट्या संस्थेत. डिसेंबर १८९१ मध्ये मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या स्प्रिंगफील्ड येथील वायएमसीएच्या प्रशिक्षण विद्यालयात जेम्स नाइस्मिथ या तरुण शिक्षकाला एक काम सोपवले गेले. हिवाळ्यात बाहेर खेळता येत नाही, तेव्हा विद्यार्थ्यांसाठी छताखाली खेळता येईल असे काहीतरी शोधायचे होते. त्याने तेरा नियम लिहिले आणि जिमच्या सज्जाच्या कठड्याला दहा फुटांवर पीच फळांच्या दोन टोपल्या ठोकल्या. वर्गात अठरा विद्यार्थी होते म्हणून दोन्हीकडे नऊ-नऊ खेळाडू झाले. काही दिवसांतच सज्जात बघ्यांची गर्दी होऊ लागली. शेजारच्या शाळेतल्या शिक्षिका मधल्या सुट्टीत आवाज ऐकून डोकावल्या आणि मग रोज येऊ लागल्या. लवकरच आम्हालाही खेळायचे आहे, असा हट्ट त्यांनी धरला. सज्जातले काही उत्साही प्रेक्षक तर हात खाली घालून चेंडू टोपलीत ढकलत किंवा अडवत. त्यांना आवर घालण्यासाठी टोपलीमागे फळी बसवावी लागली. आज जिला बॅकबोर्ड म्हणतात, जिच्यावर आपटून चेंडू जाळीत जातो, ती फळी प्रेक्षक खेळाच्या फार जवळ होते म्हणून आली. छोट्या जिममध्ये प्रेक्षक आजही तितकेच जवळ असतात.

स्प्रिंगफील्डचे ते विद्यालय आता स्प्रिंगफील्ड कॉलेज म्हणून ओळखले जाते आणि तिसऱ्या विभागात खेळते. मिनेसोटातल्या हॅमलाइन विद्यापीठाची गोष्टही अशीच. ९ फेब्रुवारी १८९५ रोजी हॅमलाइन आणि मिनेसोटाचे कृषी विद्यालय यांच्यात झालेला सामना हा दोन शिक्षणसंस्थांमधला पहिला सामना मानला जातो. तळघरातल्या ठेंगण्या जिममध्ये तो झाला आणि यजमान ९–३ असे हरले. हॅमलाइनही आज तिसऱ्या विभागात आहे. मुलींच्या बास्केटबॉलचा आरंभ नॉर्थॅम्प्टनच्या स्मिथ कॉलेजात झाला. सेंडा बेरेन्सन या शिक्षिकेने नाइस्मिथचे नियम वाचून ते मुलींसाठी बदलले आणि १८९३ साली पहिला आंतरवर्गीय सामना घेतला. जिमची दारे पुरुषांना बंद ठेवली होती. मुलींचेच हे कॉलेज २०२४ साली तिसऱ्या विभागाच्या राष्ट्रीय अंतिम सामन्यापर्यंत पोहोचले आणि न्यूयॉर्क विद्यापीठाकडून हरले. खेळाची ही सगळी जन्मस्थाने मोठ्या खेळाच्या नकाशावरून कधीच मागे पडली, पण छोट्या कॉलेजांच्या सामन्यांना फिरणाऱ्या माणसाच्या वाटेवर ती अजून लागतात.

एका हंगामात इतके सामने पाहणे जमते कसे, याचे उत्तर वेळापत्रकात आणि भूगोलात आहे. तिसऱ्या विभागात एका संघाला नियमित हंगामात जास्तीत जास्त २५ सामने खेळता येतात. त्यांतले निम्मे घरच्या जिममध्ये. एकाच कॉलेजाच्या मुलांचे आणि मुलींचे घरचे सगळे सामने पाहिले तर पंचवीसच्या आसपास होतात. ही झाली स्थानिक चाहत्याची गणती. खरी सोय पुढे आहे. बहुतेक लीगमध्ये मुलींचा आणि मुलांचा सामना एकाच ठिकाणी पाठोपाठ ठेवतात. साडेपाचला मुलींचा सुरू झाला की साडेसातला मुलांचा. एका फेरीत दोन सामने पदरात पडतात. लीगचे सामने आठवड्याच्या मधल्या एका संध्याकाळी आणि शनिवारी असतात. न्यू इंग्लंडमधल्या काही लीगांत शुक्रवारी रात्री एक यजमान आणि शनिवारी दुपारी दुसरा, अशी जोडी लावतात, म्हणजे पाहुण्या संघाचा एकच लांब प्रवास होतो. प्रेक्षकानेही तोच मार्ग धरला तर आठवड्यात तीन फेऱ्या आणि सहा सामने होतात. परीक्षा आणि नाताळच्या सुट्टीचे आठवडे वगळले, तरी फेब्रुवारीअखेरपर्यंत चौदा आठवडे उरतात. सहा चोक चोवीस आणि सहा दाहे साठ, म्हणजे चौऱ्याऐंशी. थँक्सगिव्हिंगच्या सुमारास आणि वर्षअखेरीस चार-चार संघांच्या दोन दिवसांच्या छोट्या स्पर्धा होतात, तिथे एका मुक्कामात चार सामने मिळतात. शंभराचा आकडा अचाट वाटतो, पण कागदावर मांडला की आवाक्यातला दिसतो. त्यासाठी चिकाटी, चालू स्थितीतली गाडी आणि घरच्यांची संमती मात्र लागते.

भूगोल सगळीकडे सारखा उदार नाही. पश्चिमेकडच्या विरळ वस्तीच्या राज्यांत दोन कॉलेजांमध्ये शेकडो किलोमीटर अंतर असते. उलट मॅसॅच्युसेट्स, न्यूयॉर्क, पेनसिल्व्हेनिया या राज्यांत छोटी कॉलेजे खेटून आहेत. कनेक्टिकट नदीचे खोरे हे त्याचे नमुनेदार उदाहरण. स्प्रिंगफील्ड शहरात स्प्रिंगफील्ड कॉलेज आणि वेस्टर्न न्यू इंग्लंड विद्यापीठ, लागून चिकपीमध्ये एल्म्स कॉलेज, पश्चिमेला वेस्टफील्ड स्टेट, उत्तरेला साउथ हॅडलीत मुलींचे माउंट होल्योक, मग नॉर्थॅम्प्टनचे स्मिथ आणि शेवटी ॲमहर्स्ट. चाळीस-एक किलोमीटरच्या पट्ट्यात तिसऱ्या विभागाची सात कॉलेजे. त्यात कमालीचे बलवान संघही आहेत. ॲमहर्स्टच्या मुलांनी २००७ आणि २०१३ साली, तर मुलींनी २०११, २०१७ आणि २०१८ साली राष्ट्रीय अजिंक्यपद मिळवले. बॉस्टनच्या आसपासही असाच झुबका आहे. तिथे एमआयटी, टफ्ट्स आणि ब्रँडाइस आहेत, शिवाय २०१७ साली मुलांचे अजिंक्यपद जिंकणारे बॅब्सन आहे. एका शनिवारी दुपारी एका गावात आणि संध्याकाळी दुसऱ्या गावात असे चार सामने पाहणे इथे अवघड नाही.

मॅसॅच्युसेट्सच्याच वायव्य कोपऱ्यात, डोंगरांच्या कुशीत, विल्यम्स कॉलेज आहे. मराठी वाचकाला या नावाशी एक जुना धागा सापडेल. १८१३ साली मुंबईत उतरून अमेरिकन मराठी मिशनचा पाया घालणारे आणि मराठी शिकून त्या भाषेत लिहू लागलेले गॉर्डन हॉल हे याच कॉलेजचे १८०८ सालचे पदवीधर. तेव्हा बास्केटबॉल अस्तित्वात नव्हता. पण अशी कॉलेजे धर्मशिक्षणाच्या ओढीने, शहरांपासून दूर, मुद्दाम लहान ठेवून का उभारली गेली, हे त्या काळाकडे पाहिले की समजते. त्यांच्या लहान असण्याचे मूळ तिथे आहे आणि आज तिथल्या जिममध्ये खेळाडू आणि प्रेक्षक यांच्यात फूटभराचेच अंतर असते, त्याचे मूळही तिथेच.

जिममधली संध्याकाळ साधी असते. दाराशी घडीच्या टेबलामागे दोन विद्यार्थी बसलेले असतात. काही ठिकाणी थोड्या डॉलरचे तिकीट, काही ठिकाणी प्रवेश मोफत. टेबलावर दोन्ही संघांच्या खेळाडूंची नावे, उंची, इयत्ता आणि गाव छापलेला कागद ठेवलेला असतो. जुना चाहता आधी तो उचलतो. आत भिंतीतून बाहेर ओढलेल्या लाकडी पायऱ्या, पॉपकॉर्नचा वास, भिंतीवर जुन्या विजेतेपदांचे कापडी फलक. मैदानाची कड पहिल्या पायरीपासून हाताच्या अंतरावर असते. त्यामुळे टीव्हीवर कधीच ऐकू न येणारे सगळे इथे ऐकू येते. बुटांचा करकरणारा आवाज येतो, बचावपटू एकमेकांना मोठ्याने देत असलेल्या सूचना ऐकू येतात. प्रशिक्षक विश्रांतीच्या वेळात फळ्यावर आखून काय सांगतो आहे, तेही नीट कान दिला तर कळते. एकही मिनिट न खेळलेला बदली खेळाडू टॉवेल फिरवत साऱ्या संघाला पेटवत असतो, हेही दिसते.

अनेक सामने पाहणाऱ्यांपैकी काही जण वहीत स्वतः गुणलेखन करतात. कोणी किती गुण केले, किती वैयक्तिक चुका झाल्या, कुठल्या क्षणी संघाने खेळी बदलली, याची नोंद. वही भरत गेली की एक वेगळी दृष्टी येते. एक संघ पाहणाऱ्याला जिंकणे-हरणे दिसते. वीस संघ पाहणाऱ्याला घडण दिसू लागते. अमुक प्रशिक्षकाचे संघ मुद्दाम संथ खेळतात, तमुक लीगमध्ये पंच धक्काबुक्की चालवून घेतात, एखाद्या कॉलेजात उंच मुले येतच नाहीत म्हणून तिथे तीन गुणांच्या फेकीवर भर असतो, हे सगळे त्याला उलगडत जाते. नोव्हेंबरात अडखळणारा पहिल्या वर्षाचा मुलगा फेब्रुवारीत शांतपणे चेंडू पुढे आणू लागतो, हा बदल पाहण्यातले सुख सारांशचित्रफितीत मिळत नाही. हंगामाच्या शेवटी घरच्या अखेरच्या सामन्याआधी चौथ्या वर्षाच्या खेळाडूंना आईवडिलांसह मैदानाच्या मधोमध बोलावतात, फुले देतात. त्या खेळाडूला चार वर्षे पाहिलेला परका प्रेक्षकही तेव्हा उभा राहून टाळ्या वाजवतो.

काही सामने केवळ वातावरणासाठी नोंदीत असावे लागतात. मिशिगनमधली होप आणि केल्व्हिन ही दोन कॉलेजे डच स्थलांतरितांच्या दोन प्रोटेस्टंट पंथांमधून निघाली. हॉलंड आणि ग्रँड रॅपिड्स या त्यांच्या गावांत पन्नास किलोमीटरहूनही कमी अंतर. १९२० पासून ती एकमेकांशी खेळत आली आहेत आणि वैर घराघरांत पोहोचलेले आहे. एकाच कुटुंबात अर्धे लोक या बाजूचे, अर्धे त्या बाजूचे. १९९७ साली त्यांचा एक सामना ग्रँड रॅपिड्सच्या मोठ्या सभागृहात घेतला, तेव्हा अकरा हजारांवर लोक आले. शिष्यवृत्ती नसलेल्या मुलांचा खेळ पाहायला इतकी गर्दी लोटते, ती शेजारधर्म आणि शेजारवैर दोन्ही एकत्र नांदतात म्हणून.

इंडियानातल्या अपलंड गावात टेलर विद्यापीठ आहे. तिथे डिसेंबरात, सत्रपरीक्षांच्या आधीच्या शुक्रवारी ‘सायलेंट नाइट’ नावाचा सामना होतो. विद्यार्थी रात्रीचे कपडे किंवा नाना सोंगे घालून जिम भरून टाकतात आणि सामना सुरू झाल्यावर पूर्ण शांत बसतात. यजमान संघाचा दहावा गुण होईपर्यंत चकार शब्द नाही. तो झाला की छत उडेल असा जल्लोष होतो आणि सामना संपताना सगळे मिळून त्याच नावाचे नाताळगीत गातात. आर्कान्सातल्या जॉन ब्राउन विद्यापीठात घरच्या पहिल्या सामन्यात संघाची पहिली बास्केट पडली की प्रेक्षक शेकडो टॉयलेट पेपरची भेंडोळी मैदानावर भिरकावतात. यजमानांना त्याबद्दल तांत्रिक चुकीचा दंड बसतो आणि तो दरवर्षी आनंदाने स्वीकारला जातो. मग विद्यार्थीच खाली उतरून मैदान साफ करतात आणि खेळ पुढे सुरू होतो.

आयोवातल्या ग्रिनेल कॉलेजला लोक खेळाच्या रीतीसाठी जातात. डेव्हिड आर्सेनो या प्रशिक्षकाने तिथे एक विलक्षण पद्धत रुजवली. पाच-पाच खेळाडूंच्या तुकड्या मिनिटभराच्या आत बदलायच्या, पूर्ण मैदानभर दबाव ठेवायचा आणि शक्य तितक्या लवकर, शक्यतो तीन गुणांच्या रेषेबाहेरून फेक करायची. बाकावरच्या प्रत्येकाला खेळायला मिळावे हा त्यातला मोठा हेतू होता. २० नोव्हेंबर २०१२ रोजी याच संघाच्या जॅक टेलरने एका सामन्यात १३८ गुण केले. त्यासाठी त्याने १०८ फेकी केल्या आणि त्यांतल्या ७१ लांबून होत्या. या विक्रमावर जाणकारांत वाद झाला, कारण प्रतिस्पर्धी फारच दुबळा होता. तो आक्षेप खरा आहे. पण एरवी त्या पद्धतीचा खेळ प्रत्यक्ष पाहताना डोळ्यांना जो वेग झेपत नाही, त्याची तुलना दुसऱ्या कुठल्या संघाशी होत नाही, हेही तितकेच खरे.

टेलरने मोडलेल्या विक्रमांमागे आणखी जुनी कहाणी आहे. ओहायोतल्या रिओ ग्रँड कॉलेजात १९५०च्या दशकाच्या आरंभी शंभराहूनही कमी विद्यार्थी होते. बेव्हो फ्रान्सिस नावाचा उंच मुलगा तिथे आला आणि १९५२–५३ च्या हंगामात संघाने एकोणचाळीसच्या एकोणचाळीस सामने जिंकले. त्याने एका सामन्यात ११६ गुण केले, पण प्रतिस्पर्धी दोन वर्षांच्या अभ्यासक्रमाचे कॉलेज असल्याने तो आकडा अधिकृत धरला गेला नाही. २ फेब्रुवारी १९५४ रोजी हिल्सडेलविरुद्ध त्याने ११३ गुण केले आणि या वेळी हरकत घ्यायला जागा उरली नाही. घरच्या जिममध्ये माणसे मावेनात, म्हणून प्रशिक्षक न्यूट ऑलिव्हर संघाला घेऊन गावोगाव फिरले. न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्येही हा संघ खेळला. डबघाईला आलेले कॉलेज त्या तिकिटांच्या पैशांवर तगले. एरवी प्रेक्षक फिरतात आणि जिम जागच्या जागी असते, इथे संघच प्रेक्षकांच्या दारी गेला.

हरणाऱ्यांच्या जिममध्येही माणसे जातात, आणि तिथे जाणारा चाहता सर्वांत निष्ठावान म्हणायला हवा. कॅलिफोर्नियातली कॅलटेक ही विज्ञानाची संस्था, तिच्या प्राध्यापक आणि विद्यार्थ्यांच्या नावावर नोबेल पारितोषिकांची रांग. पण तिच्या बास्केटबॉल संघाने १९८५ नंतर आपल्या लीगमध्ये एकही सामना जिंकलेला नव्हता. हार मागून हार, सलग ३१० सामने. २२ फेब्रुवारी २०११ रोजी, हंगामाच्या शेवटच्या सामन्यात, कॅलटेकने ऑक्सिडेंटलला ४६–४५ असे एका गुणाने हरवले आणि प्रेक्षक धावत मैदानात उतरले. त्या पायऱ्यांवर जे बसले होते, त्यांच्या जन्मभराच्या नोंदीत ही रात्र सर्वांत वरची असणार. याच लीगमधल्या पोमोना-पिट्झरला १९७९ साली एक तरुण प्रशिक्षक आला होता. पहिल्या हंगामात त्याचा संघ २४ पैकी फक्त २ सामने जिंकला. त्याचे नाव ग्रेग पॉपोविच, पुढे एनबीएच्या इतिहासातल्या सर्वाधिक यशस्वी प्रशिक्षकांपैकी एक. तेव्हाच्या त्या मोजक्या प्रेक्षकांना ते काय पाहत आहेत याची कल्पना असणे शक्यच नव्हते.

एकाच जागी बसून पुष्कळ सामने पाहण्याची परंपरा मात्र कॅन्सस सिटीची. १९३७ साली नाइस्मिथ आणि बेकर विद्यापीठाचे एमिल लिस्टन आदींनी छोट्या कॉलेजांसाठी तिथल्या म्युनिसिपल ऑडिटोरियममध्ये राष्ट्रीय स्पर्धा सुरू केली. पहिल्या वर्षी आठ संघ आले, दुसऱ्या वर्षी बत्तीस. यातूनच पुढे एनएआयए ही संघटना आकाराला आली आणि विजेत्या संघाच्या चषकाला नाइस्मिथ यांच्या पत्नी मॉड यांचे नाव आहे. बत्तीस संघांची बाद फेरी म्हणजे एकतीस सामने, तेही जेमतेम आठवडाभरात, एकाच छताखाली. पहिल्या दिवसांत सकाळी सुरू झालेले सामने रात्री उशिरापर्यंत चालत. न्याहारी करून आत गेलेला माणूस मध्यरात्रीच्या सुमारास बाहेर पडे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा येई. सर्व सामने एका ठिकाणी घेण्याची ती रीत अलीकडे संपली. आता चौसष्ट संघ घेतात आणि पहिल्या फेऱ्या वेगवेगळ्या कॉलेजांत होतात.

या स्पर्धेच्या प्रेक्षकांनी अमेरिकी समाजातला एक मोठा बदल समोर घडताना पाहिला. १९४७ साली इंडियाना स्टेटला निमंत्रण आले, पण कृष्णवर्णीय खेळाडूंना बंदी होती. संघात क्लॅरेन्स वॉकर हा कृष्णवर्णीय मुलगा होता, म्हणून प्रशिक्षक जॉन वुडन यांनी निमंत्रण नाकारले. पुढच्या वर्षी बंदी उठली आणि वॉकर त्या मैदानावर उतरला. १९५७ ते १९५९ अशी सलग तीन वर्षे टेनेसी ए अँड आय या कृष्णवर्णीयांच्या कॉलेजने ही स्पर्धा जिंकली. प्रशिक्षक जॉन मॅकलेंडन हे कॅन्सस विद्यापीठात खुद्द नाइस्मिथ यांचे विद्यार्थी होते, पण वर्णभेदामुळे त्यांना तिथल्या संघात कधी खेळता आले नव्हते. तिसऱ्या विभागाचे पहिले अजिंक्यपदही १९७५ साली मेम्फिसच्या लेमॉइन-ओवेन या कृष्णवर्णीयांच्या कॉलेजनेच जिंकले. मोठ्या खेळाची दारे ज्यांना उशिरा उघडली, त्यांच्या गुणवत्तेचे साक्षीदार बराच काळ छोट्या सभागृहांतले हे मोजके लोक होते.

फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात लीगच्या बाद फेऱ्या सुरू होतात आणि एरवी रिकाम्या दिसणाऱ्या पायऱ्या भरू लागतात. लीग जिंकणाऱ्याला राष्ट्रीय स्पर्धेत थेट प्रवेश मिळतो. उरलेल्या जागा निवड समिती भरते. तिसऱ्या विभागाच्या पहिल्या फेऱ्या चार-चार संघांच्या गटांत एखाद्या यजमान कॉलेजात होतात. शुक्रवारी दोन सामने, शनिवारी विजेत्यांचा एक. अनेक सामने पाहणाऱ्यांसाठी हा वर्षातला कळसाचा आठवडा, कारण कधी न पाहिलेले दूरचे संघ आपल्या टापूत येतात. पुरुषांचे अंतिम सामने १९९६ पासून २०१८ पर्यंत, २०१३ चा अपवाद सोडला तर, व्हर्जिनियातल्या सेलम या लहान शहरात होत. ‘सेलमला जाणे’ हे त्या काळी खेळाडूंसारखेच प्रेक्षकांचेही ध्येय होते. २०१९ पासून हा मान इंडियानातल्या फोर्ट वेनकडे गेला.

प्रेक्षक नसले तर काय होते, हेही पहिल्यांदा दिसले ते याच विभागात. ६ मार्च २०२० रोजी बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात तिसऱ्या विभागाच्या पहिल्या फेरीचा सामना येशिवा आणि वूस्टर पॉलिटेक्निक यांच्यात रिकाम्या जिममध्ये खेळवला गेला. कोविडमुळे प्रेक्षकांविना झालेला अमेरिकेतला हा पहिला मोठा सामना. येशिवा ही न्यूयॉर्कमधली सनातनी ज्यूंची संस्था. तिचे खेळाडू डोक्यावर किप्पा ही छोटी धार्मिक टोपी घालून खेळतात आणि शुक्रवारी सूर्यास्तानंतर खेळत नाहीत, म्हणून तो सामना दुपारी ठेवला होता. येशिवा जिंकली. आठवडाभरात स्पर्धाच रद्द झाली आणि पुढच्या वर्षीही ती झाली नाही. बऱ्याच लीगांनी २०२०–२१ चा हिवाळा पूर्ण बंद ठेवला. येशिवाची विजयमालिका मात्र पुढे सुरू राहिली. ती पन्नासाव्या सामन्यापर्यंत गेली आणि ३० डिसेंबर २०२१ रोजी इलिनॉय वेस्लियनने तोडली. त्या रात्री न्यूयॉर्कमधले ते जिम खचाखच भरले होते.

अलीकडे या प्रेक्षकांच्या यादीत कायमच्या बंद झालेल्या जिमची भर पडते आहे. कॉलेजात जाणाऱ्या वयाची मुले कमी होत आहेत, शुल्क वाढले आहे आणि लहान कॉलेजांची गंगाजळी तुटपुंजी आहे. मिशिगनमधले फिनलँडिया २०२३ साली बंद झाले. न्यूयॉर्क राज्यातले वेल्स, अलाबामातले बर्मिंगहॅम-सदर्न आणि फिलाडेल्फियाजवळचे कॅब्रिनी २०२४ साली. कॅब्रिनीचा संघ २०१२ मध्ये सेलमला अंतिम सामना खेळला होता. बंद झाल्यावर त्याचा परिसर शेजारच्या व्हिलानोव्हा विद्यापीठाने घेतला. काही चाहते आता हंगामाची आखणी करताना मोठ्या विजयी संघांच्या आधी अशा कॉलेजांची नावे लिहितात, ज्यांच्या भवितव्याची बातमी चांगली नाही. उन्हाळ्यात नवी वेळापत्रके जाहीर झाली की नकाशे, वह्या आणि पेन्सिली पुन्हा बाहेर निघतात आणि नोव्हेंबरातल्या पहिल्या शुक्रवारी कुठल्या गावी जायचे, हे ठरवले जाते.